संध्याकाळकडून सकाळकडे

पाठ टेकून स्वस्थ बसा. नकाशा, मोबाइल, सामानाची यादी बाजूला राहू द्या. तळपाय जमिनीला टेकलेले आहेत, एवढं जाणवू द्या. श्वास मोजायची गरज नाही, तो त्याच्या गतीने चालू आहे.

आता भीमाशंकरच्या डोंगराची कोकणाकडची बाजू डोळ्यांपुढे आणा. पायथ्याला कर्जत तालुक्यातलं खांडस. तिथून शिडी घाटाने चढायचं, भीमाशंकर गाठायचं आणि त्याच दिवशी गणेश घाटाने खांडसला उतरायचं. गावापुढच्या पुलापाशी दोन वाटा फुटतात, मधल्या पठारावर पदरवाडीजवळ एक होतात आणि तिथून एकच वाट माथ्यावर जाते.

मन एव्हाना शिडीपाशी पोचलंही असेल. पोचू द्या, मग सावकाश मागे बोलवा. चढाईची उजळणी ते न सांगताच करतं. उतरणीच्या वाटेला सहसा जात नाही. अपघाताच्या, वाट चुकल्याच्या गोष्टी मात्र बहुतेक तिसऱ्या प्रहरानंतरच्या असतात. म्हणून आज हा दिवस आपण उलटा चालू. सुरुवात संध्याकाळपासून.

डिसेंबर आहे. सूर्य सहाच्या सुमाराला मावळेल. डोंगराची ही बाजू पश्चिमेला तोंड करून असल्याने उघड्यावर उजेड रेंगाळतो, पण दाट झाडीत त्याआधीच पायाखालचा दगड दिसेनासा होतो. त्या वेळी तुम्ही कुठे आहात? गणेश घाटातल्या मंदिराच्या वर, रानात? की पुलावर? चित्र जसं उमटेल तसं उमटू द्या. मग स्वतःला पाच वाजता पुलावर उभं करा. तासाभराचा उजेड हाताशी शिल्लक आहे. विजेरी पिशवीत आहे आणि ती काढावी लागलेली नाही.

थोडं वर चला. दुपारचे साडेतीन, गणेश घाटातली उतरण. लक्ष गुडघ्यांवर न्या, तिथून मांड्यांवर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून ही दमछाक छातीत न जाणवता पायांच्या थरथरीतून जाणवते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक हिशेब मांडला: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईमागे एक तास जादा. उतरणीसाठी त्यात जादा वेळ धरलेलाच नाही. आपल्या सुट्या दगडगोट्यांच्या आणि वाळल्या पानांच्या वाटांवर हा हिशेब भाबडाच म्हणायला हवा. पठारापासून पुलापर्यंत तीन तास धरा.

आणि ही वाट तुम्ही सकाळी पाहिलेली नाही. आल्या वाटेने परतताना एखादं झाड, एखादं वळण ओळखीचं लागतं. फेरीच्या ट्रेकमध्ये तेवढाही आधार नसतो; दमलेल्या डोळ्यांना सगळं नवं. पठारावर गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच मळलेल्या असतात. तिथे वाडीतल्या एखाद्या मामांना विचारताना स्वतःला पाहा. नुसतं बोट दाखवून भागत नसेल, तर वाटाड्या म्हणून त्यांनाच सोबत घ्या आणि पैसे आधी ठरवा. जीपीएस असताना कशाला, हा प्रश्न मनात आला असेल, तर तो आला एवढंच पाहा आणि पुढे चला.

आता सोबत्यांचे चेहरे एकेक करून आणा. घाई नको. सगळ्यात हळू चालणारा जो आहे, त्याच्यापाशी थांबा. दोन वाजता पठार सोडायचं, तर माथ्यावरून साडेबाराला निघावं लागेल. हे वेळापत्रक त्याच्या पावलांनी मोजलंय की तुमच्या?

साडेबारा. तुम्ही माथ्यावर आहात. मंदिर, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा, पेढ्यांची दुकानं, आणि रांग. सोमवार किंवा सुट्टीचा दिवस असेल तर ती रांगच तुमची संध्याकाळ खाऊन टाकेल. कळसाला हात जोडून वळता येईल का, हे मनाला आत्ता बसल्या जागीच विचारा. तिथे गेल्यावर ते ऐकणार नाही. साडेबारा वाजून गेले असतील तर फेरी मोडायची. वर डांबरी रस्ता आहे, मंचरकडे आणि पुण्याला जाणारी एस्टी आहे. पुण्यामार्गे घरी पोचायला रात्र होईल, पण गाडीत बसून. मात्र खाली खांडसला स्वतःची गाडी उभी असेल, तर ती तुम्हाला अंधारातही त्या घाटाकडे ओढेल. गाडी घरीच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून मागे या. साडेनऊ ते साडेअकरा, पठारापासून माथ्यापर्यंतची चढण. अभयारण्यातलं रान. हिरडा, जांभूळ, कारवीची दाटी. इथे बोलणं थांबवा. शेकरू असेल तर आधी वरच्या फांद्यांत हालचाल होते, मग लांब शेपूट दिसतं. दोन तास धरलेत त्यातली पंधरा मिनिटं याच्यासाठीच आहेत. ती वाचवून काही मिळवायचं नाही.

आणखी खाली, सात ते साडेनऊ. आता शिडी घाट. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागचा. कठीण थर झिजून सरळ कडा होतो, मऊ थर झिजून झाडीचा उतार होतो. कडा लागला की वाट अडते, आणि तिथेच लोखंडी शिड्या आहेत. चढताना पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय खाली अंदाजाने चाचपत राहतो. म्हणून शिडीने चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, उलट नाही. सकाळी कड्याची सावली या बाजूवर असते, तोही फायदा.

शिडीसमोर उभे राहा. एका वेळी एकच माणूस. पोटात गोळा आला असेल तर त्याला हटवू नका. कातळ कोरडा आहे का, ते पाहा. ओला असेल तर पुलापर्यंत मागे फिरा, गणेश घाटाने जमेल तेवढं चढा आणि त्याच वाटेने उतरा. पावसाळ्यात तर या शिड्यांचा विचारही नको.

सात वाजता पूल. सूर्य नुकताच उगवतोय, पाठीवर तीन लिटर पाणी, घरी वेळ सांगून ठेवलेली. सातला पुलावर पोचायचं तर साडेपाचला उठावं लागेल आणि मुक्काम खांडसमध्येच लागेल. आदल्या रात्री गप्पा आवरा आणि नऊला झोपा.