दुसरें अपत्य आणि सार्वजनिक खजिना

ज्याच्या घरीं एक मूल हसतखेळत आहे, त्यानें दुसरें होत नाहीं म्हणून दुःख करावें काय? आणि केल्यास, त्या दुःखाची दखल सार्वजनिक खजिन्यानें घ्यावी काय? इंग्लंडांत हा प्रश्न आज नित्य व्यवहाराचा झाला आहे.

तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ सालीं स्थापन झाली, ती गरज पाहून उपचार करावा, ऐपत पाहून नव्हे, ह्या तत्त्वावर. ‘नाइस’ ह्या मार्गदर्शक संस्थेनें २०१३ सालीं शिफारस केली कीं, वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास पतिपत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. आणि चाळिशीच्या आंतील पात्र स्त्रियांस आय. व्ही. एफ.चीं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ घडविण्याच्या उपचाराचीं, तीन पूर्ण आवर्तनें मिळावींत. परंतु पैशाची किल्ली स्थानिक मंडळांच्या हातीं आहे. उभयतांपैकीं एकासही पूर्वींचें अपत्य असल्यास पुष्कळ मंडळें हा उपचार नाकारतात.

ह्यांत अन्याय तो कोणता, असें कोणी विचारील. ज्याचें पान रिकामें त्यास आधीं वाढावें, हें आम्हांसही मान्य आहे. खजिना कांहीं अक्षय्य नव्हे. पण एकास आधीं वाढणें निराळें आणि दुसऱ्यास पंगतींतून उठविणें निराळें. ह्या उपचारानें जन्मलेली जगांतील पहिली बालिका लुईझ ब्राउन २५ जुलै १९७८ रोजीं ओल्डहॅम येथें जन्मली. तिच्या पित्यास पूर्वविवाहाची एक कन्या होतीच. आजचा हा नियम त्या दांपत्यास लाविला असता, तर तें दारांतूनच परत फिरलें असतें!

उपचारच द्यावयाचा नाहीं, तर तपासणीवर तरी खर्च कां, असा प्रश्न मग सहजच उठतो. आमच्या मतें येथें मोठी गफलत आहे. पहिल्या बाळंतपणानंतर गर्भनलिका बंद झाली असेल, पुरुषाचें वीर्य क्षीण झालें असेल, कंठग्रंथीचा विकार जडला असेल. पहिलें मूल हें ह्यांपैकीं कशावरही औषध नव्हे. कारण कळलें तर कधीं साध्या गोळ्यांनीं काम भागतें. कधीं आशा सोडावी लागते. पण महिन्यामागून महिना स्वतःस दोष देत बसण्याची यातना तरी संपते.

“तुमची पाळी नंतर,” असें समाजानें अवश्य म्हणावें. “एक आहे ना, मग दुःख कसलें?” असें म्हणण्याचा अधिकार मात्र त्यास कोणींही दिलेला नाहीं.