ती हीच डिस्क का?

गेल्या श्रावणात एका धर्मादाय दवाखान्याचा सर्व्हर माझ्याकडे आला. हार्ड डिस्कचे सेक्टर खराब व्हायला लागले होते, मशीनही थकलं होतं. बंगळुरूच्या एसपी रोडवरून तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणली आणि रात्री दहाला प्रत घ्यायला लावली. फाइलींची नव्हे, अख्ख्या डिस्कची, बिट न् बिट. पहाटे दोन्हींचा चेकसम काढला. एका अक्षराचा फरक नव्हता. नवी डिस्क नव्या मशीनमध्ये बसवून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: बूट होण्याजोगं काही सापडलं नाही.

मिरजेला आमच्या घरी आजोबा रोज गीतेचा दुसरा अध्याय म्हणायचे. जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टांत तेव्हापासून कानात बसलेला. बंगळुरूत या धंद्यात पडल्यावर तोच दृष्टांत मी हाताखालच्या मुलांना सांगत आलो: डिस्क म्हणजे देह, डेटा म्हणजे आत्मा. त्या पहाटे माझ्याच शब्दांची मला शंका आली. माझ्या हिशेबानं आत्मा नव्या वस्त्रात जसाच्या तसा आला होता. मग वस्त्र हलेना का?

कारण तसं साधं होतं. हल्लीच्या मशीनमध्ये कुठल्या डिस्कवरच्या कुठल्या विभागातली कुठली फाइल पहिल्यांदा उठवायची, हा पत्ता मदरबोर्डच्या स्वतःच्या चिमुकल्या स्मृतीत लिहिलेला असतो. तो डिस्कवर नसतो. मी डिस्कचा कण न् कण उचलला, पण ती नोंद जुन्या बोर्डातच राहिली. डिस्कवर ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल असती, तर बोर्डानं ती आपणहून उठवली असती. इथं ती नव्हती. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कचे विभाग जोडले, एका आज्ञेनं बोर्डाला पत्ता सांगितला. पाच मिनिटांत सर्व्हर उठला.

खरी भीती नंतर वाटली. पडताळ्यासाठी मी जुनी डिस्कही त्याच मशीनला जोडून ठेवली होती. प्रत हुबेहूब, म्हणून दोघींचा यूयूआयडी, म्हणजे ज्या बत्तीस अक्षर-अंकांनी सिस्टीम आपला विभाग ओळखते तो क्रमांकही एकच. लॉगिन झालं, पेशंटांच्या नोंदी दिसल्या, सगळं ठीक. सहज तपासलं, तर सिस्टीम जुन्या डिस्कवर चालली होती. दोघी एकाच नावानं ओ देत होत्या, जी आधी सापडली ती सिस्टीमनं धरली. मी तपासलं नसतं, तर सकाळपासूनच्या नोंदी त्या मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर गेल्या असत्या.

अद्वैत वेदान्तात ‘सोऽयं देवदत्तः’ हे नेहमीचं उदाहरण आहे. तेव्हा तिथं पाहिलेला देवदत्त तोच हा, आता इथं उभा असलेला. ‘तेव्हा तिथं’ सोडा, ‘आता इथं’ सोडा, एक देवदत्त उरतो. माझ्या दोन डिस्कांची जागा आणि वेळ सोडून दिली तरी दोन उरत होत्या. यात अद्वैताचा पराभव मला दिसत नाही. ते वाक्य एकाच देवदत्ताबद्दल आहे, त्याच्या प्रतीबद्दल नाही. चूक माझ्या दृष्टांताची होती. वेदान्तात मन, बुद्धी, प्राण, इंद्रियं यांना आत्मा म्हणतच नाहीत. वेदान्ती त्यांची सतरा अंगं मोजतात आणि त्यांना सूक्ष्म शरीर म्हणतात. एका देहातून दुसऱ्यात जातं ते हे. डेटाला उपमा द्यायचीच, तर ती त्याची. तोही देहच आहे, फक्त बारीक. आत्म्याची प्रत निघत नाही आणि त्याला कुठं जायचंही नसतं. इतकी वर्षं मी मुलांना चुकीचं सांगितलं, आता सांगत नाही.

आमचे घरमालक उडुपीकडचे माध्व. मी त्यांना काका म्हणतो. गुरुवारी त्यांच्याबरोबर जयनगर पाचव्या ब्लॉकमधल्या राघवेंद्र मठात गेलो, तेव्हा वाटेत हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आमच्या आचार्यांनी पाच भेद सांगितले. त्यातला एक जडाचा जडाशी. दोन दगड सारखे असतील, एक नसतात.’’ तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचं हे मत मी आधी वाचलं होतं आणि कोरडं वाटून सोडून दिलं होतं. या खेपेला ते मला माझ्या टेबलावरचं वाटलं.

मठातलं वृंदावन मृत्तिका वृंदावन आहे. राघवेंद्र स्वामींनी १६७१ साली तुंगभद्राकाठी मंत्रालयात वृंदावनप्रवेश केला, म्हणजे जिवंतपणी समाधी घेतली. तिथली मृत्तिका आणून इथं प्रतिष्ठा केलेली आहे. मी काकांना विचारलं, मग हे मंत्रालयच का? ते म्हणाले, ‘‘नाही. मंत्रालय मंत्रालयात आहे. ही तिथली माती आहे, आणि इथं रोज पूजा होते.’’ समोर रांगेत एक म्हातारी ओल्या पदरानं उभी होती. तिच्या भक्तीत मला काही उणं दिसलं नाही. प्रत खरी ठरायला ती मूळ असावी लागत नाही. तिचं मुळाशी नातं असावं लागतं, आणि ती ज्या जागी आली तिथं कुणीतरी तिला हाक मारावी लागते. गणपतीच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा आपण घरोघर करतो, तिचा अर्थ मला त्या रांगेत उमगला.

त्या पहाटेचं शेवटचं काम सांगायचं राहिलं. मी मशीन बंद करून जुनी डिस्क काढली, तिच्यावर मार्करनं तारीख घातली आणि ती पाकिटात घालून दवाखान्याच्या कपाटात ठेवली. नव्या डिस्कला नवा यूयूआयडी दिला, जिथं जिथं जुना लिहिलेला होता तिथं बदलला आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. साडेआठला पहिला पेशंट आला. त्याची नोंद नव्या डिस्कवर झाली. जुनीवर ती नाही.