किनारा दिसण्याआधीची उपकारस्तुती



सुट्टीत अंदमानला जाऊन येणारी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामातही आहेत. आम्ही काही कुटुंबे मिळून तिथे गेलो होतो. निळे पाणी आणि पांढरी वाळू फोटोत दिसते. देवाने तिथे दिलेले दोन धडे मात्र फोटोत येत नाहीत.

पहिला धडा सहनशीलतेचा. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, समुद्राने खडकात कोरलेली एक कमान आहे. तिथवर ओहोटीच्या वेळीच चालत जाता येते. भरती असली की थांबायचे. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचे अंतर असते. पैसे जास्त मोजले म्हणून ते कमी होत नाही! पुढे समुद्र खवळला आणि आमची बोट रद्द झाली. जेट्टीवर बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. मुलांनी खेळ मांडला, वडीलधाऱ्यांनी रोझरी सुरू केली.

दुसरा धडा कृतज्ञतेचा. तिथले बरेचसे धान्य, कांदे-बटाटे चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतात. प्रवास सुमारे तीन दिवसांचा. तिथली जंगले तोडून रस्ते बांधण्यासाठी १९१८ पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर नेले गेले. त्यांच्यात आपले कॅथलिक बांधवही होते. आपल्या सुखामागे असे किती अनोळखी हात असतात!

हे दोन्ही धडे संत पौलाच्या जीवनात एकत्र येतात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचा. कैदी पौल रोमला निघाला होता. चौदा दिवस वादळ, जहाजावर २७६ माणसे, सगळ्यांच्या पोटात अन्न नाही. अशा वेळी पौलाने भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानले, ती मोडली व खाल्ली. ते पाहून इतरांनाही धीर आला. त्यानंतर जहाज फुटले; पण सर्व जण माल्टा बेटावर सुखरूप पोहोचले. पौलाने आभार मानले तेव्हा वादळ शमलेले नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपण मात्र म्हणतो, “आधी काम होऊ दे, मग देवाचे आभार मानू.” मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, दवाखान्याचा रिपोर्ट, अंथरुणाला खिळलेले आईवडील... प्रत्येक घर कशाची तरी वाट पाहत आहे. त्या वाट पाहण्यातच आपण दर रविवारी वेदीभोवती जमतो. ‘यूखारिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती आहे. थांबणे कधीकधी नाइलाजाने घडते. थांबलेले असताना आभार मानणे मात्र आपल्याला निवडावे लागते.

या आठवड्यात रोज रात्री कुटुंबप्रार्थनेत प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावेत. ज्या घरात आजारपण आहे, तिथे आजाऱ्याच्या उशाशी बसून मानावेत.

हे प्रभू, किनारा दिसत नसतानाही तुझी उपकारस्तुती करण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.