मुक्या जिवाचे औषध

गेल्या श्रावणात वडील पूजेस बसले असता आमच्या केशवापुरातील घरची मांजरी उंबऱ्याशी एकाएकी आडवी झाली. पाय ताठ झाले, तोंडास फेस आला, अंग गदगदा हलू लागले. शेजारच्या आजी कांदा घेऊन धावल्या, कोणी लोखंडी किल्ली पुढे केली. दीड मिनिटाने सारे आपोआप शांत झाले आणि श्रेय किल्लीस मिळाले.

पशुवैद्यांचे सांगणे निराळे होते. झटक्याच्या वेळी तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये. आसपासच्या वस्तू दूर साराव्यात व घड्याळ पाहावे. ५ मिनिटांहून अधिक वेळ लागला, किंवा झटक्यामागून झटका आला, तर तत्काळ दवाखाना गाठावा. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिन मांजरांस विषासमान असून त्यानेही झटके येतात. म्हणून तशी चौकशी व रक्ततपासणी आधी झाली. मग फेनोबार्बिटोन सुरू झाले, दर १२ तासांनी. माणसांच्या अपस्मारावर १९१२ पासून चालत आलेले हेच ते औषध.

आमचा खरा प्रश्न येथून सुरू झाला. झटक्यातून उठल्यावर मांजरी घटकाभर भांबावते आणि पुन्हा दुधाकडे वळते. गोळी मात्र ती विसरत नाही. सहाचा सुमार झाला की कपाटामागे दडते. तिच्या दृष्टीने तिला छळणारे आम्हीच. ज्याच्यावर दया करावयाची त्याच्या इच्छेविरुद्ध केलेली दया ही दयाच काय?

देवळातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "तिचे प्रारब्ध तिने भोगावे." (रक्तदाबाची गोळी ते स्वतः नेमाने घेतात.) आम्हांस नाथांची कथा आठवली. रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. परंतु गाढवास पाणी हवे होते, आणि ते कार्य एका दुपारी पुरे झाले. आमच्या मांजरीस गोळी नको आहे, आणि हे कार्य तर कदाचित तिच्या आयुष्याइतके लांबणार.

अनंत चतुर्दशीस विसर्जनाच्या गर्दीत आम्ही सायंकाळची गोळी विसरलो. पहाटे तिला झटका आला तो जवळजवळ चार मिनिटे टिकला. औषधात एकाएकी खंड पडला की झटके उसळतात, हे आम्हांस सांगितलेले होते. तिच्यावर आमचे प्रेम त्या रात्रीही होते. तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे तिसरे कलम आम्ही त्यानंतर वाचले. ज्याच्या स्वाधीन प्राणी आहे, त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय योजणे हे कर्तव्य, असे त्यात आहे. प्रेमाचा शब्द तेथे नाही. प्रथम ते कोरडे वाटले. आता तसे वाटत नाही. वडीलही ताप असला तरी देवाचे स्नान चुकवीत नाहीत, आणि त्या दिवशी भाव दाटून आला होता की नाही, हे आम्ही त्यांस कधी विचारलेले नाही.

झटके थांबलेले नाहीत, विरळ झाले आहेत. तिने आम्हांस क्षमा केलेली दिसत नाही. सहा वाजत आले; गोळी लोण्यात घोळून ठेवली आहे, आणि ती कपाटामागे गेली आहे.