पालथं निजून पाहा

अमरावतीत एक मालीशवाला होता. हाताला गुण होता आणि कामात लबाडी नव्हती. लहानपणी आखाड्यात जाऊन तो हे काम शिकला. आखाड्याचं वेड या गावाला जुनं आहे. वैद्य बंधूंनी 1914 साली इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, आणि 1936 साली मंडळाचे खेळाडू थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आले. अशा गावात पोरगा वस्तादाच्या पाठीला तेल चोळता चोळताच मालीश शिकतो. त्याला वेगळी शाळा लागत नाही.

पण पैलवानाची पाठ रगडताना एक गोष्ट शिकायची राहून जाते. पैलवान मातीत किंवा चटईवर पालथा पडतो, दोन्ही हातांची घडी करतो आणि तीवर कपाळ टेकतो. बैलासारखी मान त्याची. अर्धा तास तशी राहिली तरी तो हूं की चूं करत नाही. त्यामुळे खाली तोंडाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

पुढे त्याने राजापेठेजवळ एक खोली भाड्याने घेतली. सुताराकडून लाकडी टेबल करून घेतलं आणि डोक्याकडे तोंड ठेवायला भोक पाडलं. आता गिऱ्हाईक पैलवान नव्हते. निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, बाजार समितीतले हमाल होते, दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडलेली पोरं होती. पहिली दहा मिनिटं सगळं ठीक चाले. मग माणूस डोकं इकडे करी, तिकडे करी, हात वर घेऊन गालाखाली घाली. मालीशवाल्याला वाटे, आपला हात जड पडतोय. तो दाब कमी करी. तरी चुळबुळ थांबेना.

शेवटी एका ड्रायव्हरकाकांनी उठून बसत सांगितलं, "हात तुहा सोन्यासारखा हाय बापा. पन तुह्या टेबलावर तोंड ठेवाले जागा नाही."

त्यांच्या गालावर फळीची कडा उमटली होती. नाक चोंदलं होतं.

मालीशवाला तडक बाजारात गेला. दुकानदाराने चकचकीत रेक्झिनची, गोल कड्यासारखी उशी काढून दिली. त्याने ती हाताने दाबून पाहिली. लोण्यासारखी मऊ! घेतली. आठवडाभरात तीच रड सुरू झाली. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. पालथं निजलं की तो सगळा भार कपाळ आणि गालफडं यांवर येतो. मऊ स्पंज पहिली पाच मिनिटं फुगलेला राहिला, मग दबून चपटा झाला आणि गालफडाला खालचं लाकूड लागायला लागलं. वर कडं गोल बंद असल्यामुळे हनुवटी अडे आणि गळ्यावर दाब येई. घामाने रेक्झिन गालाला चिकटे ते वेगळंच.

मग कोणी म्हणालं, मेमरी फोम घे. हा फोम 1966 साली अमेरिकेच्या नासासाठी झालेल्या कामातून निघाला. विमानाच्या आसनात बसणाऱ्याला आराम आणि संरक्षण मिळावं, हा त्यामागचा हेतू. वस्तू नावाजलेली, किंमतही तशीच. जानेवारीत आणली तेव्हा छान वाटली. हाताचा ठसा हळूहळू भरून येई, ते तो गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवी. पण हा फोम उष्णतेने सैल पडतो. मेमध्ये वऱ्हाडात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला, कूलर गरम वारा फेकू लागला, आणि जानेवारीतली टणक उशी कणकेच्या गोळ्यासारखी झाली. तोंड आत रुतायला लागलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने अर्ध्यातच, "राहू दे, जीव घाबरते," म्हणत पैसे ठेवले आणि तो निघून गेला.

दोनदा पैसे गेल्याचं दुःख त्याला होतंच. त्याहून मोठं दुःख हे, की आपण चांगलं करायला जातो आणि माणूस आपल्याकडून त्रास घेऊन परततो. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. दुसरा असता तर म्हणाला असता, गिऱ्हाइकंच नाजूक झाली आहेत.

त्याच दिवसांत अकोल्याहून निरोप आला. बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, मुलगी झाली होती. तो पहिल्याच गाडीने निघाला. सासर जुन्या शहरात, मोर्णेच्या बाजूला. सकाळी पोहोचला तेव्हा मागच्या अंगणात लेकीची आंघोळ चालली होती.

न्हाऊ घालणारी म्हातारी पाटावर बसलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलेलं, दोन्ही पाय समोर लांब सोडलेले. पोटऱ्यांच्या मधल्या खोलगट जागेत ती एवढीशी पोर पालथी. म्हातारीने तिच्या पाठीवरून कोमट तेलाचा हात खाली नेला, पुन्हा वर आणला. पोर रडत नव्हती. डोळे मिटून पडली होती. बापाला मात्र राहवेना. तो वाकला, खाली डोकावला.

म्हातारी हसली. "जवाईबापू, तुमी तर मालीशचं काम करता म्हन्ता. मंग असे टकामका काय पाहून राहिले?"

"आजी, तिचं तोंड खाली हाय. दम नाही कोंडत?"

"कोंडन कसा? पाहा ना." तिने त्याला जवळ बसवलं. पोरीचं कपाळ एका घोट्याच्या आतल्या बाजूला टेकलं होतं, गाल दुसऱ्या पायावर. मध्ये फट. नाक फटीवर, तोंड फटीवर, डोळ्यांवर काही नाही. हनुवटीखालची जागा पूर्ण रिकामी. पाय जमिनीकडे किंचित उतरते, म्हणून डोकं पाठीपेक्षा थोडं खाली आणि मानेची मागची बाजू सैल. "लेकरू लहान असन तं पाय जवळ घेतो, मोठं असन तं थोडे दूर करतो. पयले पाय लावतो, मंग लेकरू ठेवतो. आंदी तेलाचा हात नाही लावत मी."

मग त्याने आपली सगळी हकिगत सांगितली. रेक्झिनची उशी, फोमची उशी, गेलेले पैसे. म्हातारी हात न थांबवता ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "त्या टेबलावर तुमी पालथे निजले काय कधी?"

तो गप्प झाला.

"मंग तुमाले उशी काय समजन बापा? हातानं दाबून हाताले समजते. तोंडाचं तोंडालेच समजते. ज्याच्याखाली उशी ठेवाची, त्याच्या जागी आपुन निजून पाहाव."

अमरावतीला परतल्यावर त्याने दुकानाचं दार लावलं आणि टेबलावर पालथा झाला. भिंतीवरचं घड्याळ लहान भावाला बघायला सांगितलं. पाच मिनिटं बरी गेली. नवव्या मिनिटाला डाव्या गालफडाखाली ठणका लागला. बाराव्या मिनिटाला भुवईवर दाब आला आणि पापणी चेपली गेली. पंधराव्या मिनिटाला नाकात पाणी उतरलं. विसाव्या मिनिटाला त्याला उठावंसं वाटलं आणि त्याला कळलं की आपली गिऱ्हाइकं इतके दिवस तोंड दाबून, भिडेखातर, पंचेचाळीस मिनिटं पडून राहत होती. तो उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्यातलं किती नाकाचं आणि किती मनाचं, त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढच्या खेपेला तो अकोल्याच्या एका गादीवाल्याकडे जाऊन बसला. वऱ्हाडात राहून उशीत कापूस भरायचा नाही, हे त्याच्या जिवावर आलं होतं. पण गादीवाल्याने खरं सांगितलं: कापूस दबतो, त्याचे गोळे होतात, आणि तेल एकदा आत शिरलं की निघत नाही. म्हणून आत फोमचे दोन थर ठरले. खालचा घट्ट, डोक्याचा भार तोलणारा. वरचा मऊ, कातडीला लागणारा, पण पातळ. आकार घोड्याच्या नालेचा, हनुवटीकडे उघडा. आतली कड तासून उतरती केली, म्हणजे डोळ्याच्या खोबणीला काही टोचू नये. तेल आत जाऊ नये म्हणून फोमवर पातळ रेक्झिन, आणि त्यावर वऱ्हाडच्या कापसाचा मान राखून धुवट सुती खोळ. दहा खोळी शिवून घेतल्या. एका गिऱ्हाइकाची खोळ दुसऱ्याच्या गालाला लागत नाही.

पहिला नमुना गादीवाल्याच्याच ओट्यावर ठेवून तो पालथा निजला. भर बाजारात, दुपारी. लोक थांबून पाहू लागले. अकराव्या मिनिटाला उठला, म्हणाला, "कपायाकडे अर्धा बोट जास्त झालं." गादीवाल्याने कापलं. पुन्हा निजला. अशा तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा उशी पसंत पडली.

सुताराकडून त्याने उशीखालची चौकट वर-खाली आणि थोडी तिरकी होईल अशी करून घेतली, कारण लांब मानेच्या आणि आखूड मानेच्या माणसाला एकच उंची चालत नाही. आता तेलाची वाटी उचलण्याआधी तो विचारतो: श्वास मोकळा आहे का, डोळ्यावर काही येतंय का, काचबिंदूचा त्रास आहे का. डोकं खाली करून पडल्यावर डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असेल तर तो पालथं निजवत नाही, कुशीवर घेतो. दम लागणाऱ्यालाही कुशीवरच.

ते ड्रायव्हरकाका पुन्हा आले. विसाव्या मिनिटाला ते घोरत होते.

आता त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला पहिले आठ दिवस तेलाला हात लावता येत नाही. त्या आठ दिवसांत रोज अर्धा तास त्याने टेबलावर पालथं निजायचं, आणि उठल्यावर कुठे दुखलं ते वस्तादाला सांगायचं.