‘तुम्ही जाऊन या, मी थांबते’

आवडती गाडी विकून कामाची गाडी घ्यावी का, असं कुणाला विचारलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. आयुष्य एकदाच मिळतं, ठेव गाडी. नाहीतर, तिशी आली आता, शहाणा हो. मन विरुद्ध डोकं, अशी ही सरळ मांडणी. चार महिने या प्रश्नासोबत काढल्यावर मला ती अपुरी वाटू लागली आहे.

गाडी आहे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिच्यात १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी. जगाच्या हिशेबात ही स्पोर्ट्स कार नव्हे. पण खऱ्या स्पोर्ट्स कारचे पोस्टर लावून वाढलेल्या आणि पगारावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांची स्पोर्ट्स कार हीच. ताम्हिणीत कोरड्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना टर्बो जागा होतो आणि सीट पाठीला मागून ढकलते, तेव्हा आठवड्याभराच्या मीटिंगा विसरायला होतात. पोलो पुण्याशेजारी चाकणला बनायची. २०२२ मध्ये तिचं इथलं उत्पादन थांबलं. म्हणजे एकदा विकली की तशीच नवी पुन्हा मिळणं नाही.

डोक्याची बाजू सांगते, हा सगळा मालकीचा भ्रम आहे. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबद्दलच होता. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि ते कितीला विकाल असं विचारलं. बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तेच, पण मिळून थोडाच वेळ झालेला असतानाही विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. मगाचं असं, तर पाच वर्षं चालवलेल्या गाडीचं काय होणार!

पण जिव्हाळ्याला नुसता भ्रम म्हणून मोडीत काढता येत नाही. ऑक्सफर्डचे मार्क्सवादी तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांनी आयुष्याच्या शेवटी चक्क जुनं जपण्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट मोलाची असेल तर ती गोष्टच जपण्याला कारण असतं. थोडी जास्त मोलाची दुसरी मिळते म्हणून लगेच बदलायची नसते. मित्रापेक्षा चांगला माणूस भेटला म्हणून आपण मित्र बदलत नाही. कोहेन तर स्वतःच्या जुन्या खोडरबराचं उदाहरण देतात. खोडरबराला हा मान मिळत असेल तर पोलोलाही मिळायला हवा. इथवर मन जिंकतं.

अडचण पुढे आहे. कोहेन यांचा खोडरबर त्यांच्या टेबलावर पडून असतो. माझ्या गाडीत माणसं बसतात.

आईच्या दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे. कमी उंचीच्या हॅचबॅकमध्ये शिरायचं म्हणजे खाली बसायचं, आणि उतरायचं म्हणजे वाकलेल्या गुडघ्यांवर सगळं वजन घेऊन उठायचं. याची तक्रार तिने एकदाही केलेली नाही. ती फक्त म्हणते, “तुम्ही जाऊन या, मी थांबते. मला तसाही प्रवासाचा कंटाळा येतो.” साताऱ्याला मामाकडे जायचं असो की रात्री आईस्क्रीम खायला, उत्तर हेच. हीच बाई एसटीत खिडकीसाठी भांडायची.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपण चेष्टेने सांगतो. जॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९८३ साली त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात गंभीर प्रश्न विचारला: जे आवाक्यात नाही ते माणसाला नकोसंच वाटू लागलं, तर त्याची ही नावड प्रमाण मानायची का? घरात हा प्रश्न रोज पडलेला असतो. जे मागत नाहीत त्यांची गैरसोय हिशेबात येतच नाही. ती त्यांची आवड-निवड बनून जाते. माझ्या एक्सेलमध्ये पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग सगळ्याला कॉलम आहे. ‘मी थांबते’ला नाही.

‘प्रॅक्टिकल’ या शब्दातही हीच गोम आहे. प्रॅक्टिकल कुणासाठी? सगळे म्हणतात, एसयूव्ही घे. पण उंच एसयूव्हीत चढताना एका पायावर सगळा भार येतो, म्हणजे आईसाठी तीही बाद. तिला सीट साधारण कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे आडवं टेकून पाय आत घेता येतात. वॅगनआरसारख्या उभट गाड्यांना आम्ही मित्र डबा म्हणून हसायचो. त्या डब्याची सीट बरोबर तिथे येते. पोलो ठेवून आईसाठी कॅब बोलवावी, हा पर्याय पैशांत सगळ्यात स्वस्त पडतो, तो मी मांडून पाहिला. पण कॅबसाठी आईला प्रत्येक वेळी मागावं लागेल, आणि दारात गाडी उभी असताना ती मागणार नाही.

म्हणून पोलो विकायची ठरवली आहे. तिची हुरहुर राहील, आणि ती राहणं योग्यच आहे. गेलेली गोष्ट मोलाची होती. हुरहुर वाटते म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं आहे. ‘तुझ्यासाठी विकली’ हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. ते ऐकलं की आई दर वेळी गाडीत येऊन बसेल, मन नसतानाही, मुलाने एवढं केलं म्हणून. म्हणजे आधी नकार तिचा नव्हता, आता होकारही तिचा राहणार नाही. नवी गाडी आल्यावरही ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी थांबते,” तर तिला खरंच कंटाळा आला आहे असं समजायचं आणि आपण जाऊन यायचं. येताना तिच्यासाठी आईस्क्रीम आणायचं.