प्रतिनिधी आणि यजमान

एके ठिकाणी केलेला विध्वंस दुसऱ्या ठिकाणच्या निर्मितीने फिटतो काय, हा प्रश्न आता केवळ पारलौकिक राहिलेला नसून सरकारी दफ्तरात रोज निकालात निघणारा विषय झाला आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन वळती करून घेणाऱ्याला पर्यायी वनीकरणाची शर्त पाळावी लागते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरांच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली, तेव्हा पाचपट लागवडीची हमी पुढे करण्यात आली होती. आणि इंग्लंडात तर फेब्रुवारी २०२४ पासून, जैवविविधतेत दहा टक्के वाढ दाखवण्यासाठी, बांधकाम करणारा एखाद्या शेतकऱ्याला पैसे मोजून त्याचे शेत तीस वर्षे कुरण वा पाणथळ म्हणून राखवून घेऊ शकतो.

आपल्या शास्त्रकारांना ही कल्पना मुळीच अपरिचित नव्हती. गिरगावच्या आंग्रेवाडीत राहून ज्यांनी धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास सिद्ध केला, त्या पां. वा. काण्यांच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचे आणि त्याच्या प्रत्याम्नायांचे विस्तृत विवेचन आहे: कृच्छ्राचे उपवास ज्याच्याने होत नाहीत त्याने गाय द्यावी, आणि गाय देण्याची ऐपत नसेल तर तिचे निष्क्रयद्रव्य द्यावे. गोप्रदान म्हणून ताम्हनात ठेवले जाणारे नाणे हा त्या सवलतीचाच घरगुती अवशेष होय. मात्र, पाप करण्याची मंजुरी मिळावी म्हणून प्रायश्चित्ताची रक्कम आगाऊ जमा करावी, अशी सोय कोणा स्मृतिकाराने ठेवल्याचे मला तरी आढळलेले नाही. बुद्धिपुरस्सर केलेल्या पापाचे प्रायश्चित्ताने क्षालन होते की नाही, यावरच त्यांच्यात मतभेद होते.

मीमांसकांनी तर याहून सूक्ष्म विचार केला. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे भात, मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानभात, चालेल, कारण त्यात व्रीहीचे सादृश्य आहे. परंतु देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही, आणि सत्राचा, म्हणजे अनेक यजमानांनी मिळून करायच्या यज्ञाचा, अपवाद सोडला तर यजमानालाही नाही. या दोन कसोट्या, सादृश्याची आणि यजमानाची, आजच्या भरपाईला लावून पाहाव्यात असे मला वाटते.

सादृश्याचे उदाहरण परळपासून हाकेच्या अंतरावर आहे. ओहोटी लागली की शिवडीच्या खाडीत जो काळसर, बुळबुळीत चिखल उघडा पडतो, त्यात रोहित पक्षी आपली वाकडी चोच उलटी बुडवून शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच किनाऱ्यावरून निघतो. अशा चिखलाच्या नुकसानीची भरपाई म्हणून दुसऱ्या उघड्या चिखलावर तिवरांची रोपे ओळीने खोवली, तर रोपांची संख्या अहवालात शोभून दिसेल, पण ती वाढली म्हणजे पक्ष्यांचे उरलेसुरले अन्नक्षेत्रही झाकले जाईल. येथे नीवारही नाही आणि व्रीहीही नाही.

यजमानाची कसोटी याहून अवघड. पेण-अलिबागच्या खारेपाटात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्तीच्या आड भात पिकत आले, तेथे बांधाला खांड पडली, उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, निकामी झाली आणि उधाणाचे पाणी शेतात शिरले, म्हणजे काही वर्षांतच तिवरे आपसूक उगवतात, त्यांच्या मुळांशी निवट्या नि खेकडे येतात, त्यांच्यामागून बगळे येतात. कोणी न लावता शेताचे कांदळवन होते, आणि ते जिवंत असते, कागदी नसते. पुढे कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्याला हात लावणे हा गुन्हा ठरतो, आणि सातबारावर नाव असलेला खातेदार आपल्याच जमिनीत परका होतो. व्रत त्याने केले, उपवास त्याला घडला. पण संकल्प त्याचा नव्हता, आणि फळही त्याच्या वाट्याला आले नाही. दादरहून दहा मिनिटे लवकर पोहोचावे ही कामना ज्याची, तो यजमान या साऱ्या विधीत पाटावर कोठेच बसलेला दिसत नाही.

शेत रानाला परत देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. उलट, पायाभूत प्रकल्पांच्या भरपाईचा पैसा दूरच्या माळावर एकाच जातीची रोपे लावण्यात घालण्यापेक्षा, खारेपाटातल्या अशा खातेदाराला त्याच्या संमतीने, लेखी कराराने, दरसाल खंड म्हणून द्यावा, ही तजवीज मला अधिक न्याय्य वाटते. निदान त्यामुळे देणारा कोण आणि सोसणारा कोण हे दस्तऐवजात तरी उमटेल. अर्थात त्या खातेदाराला विचारायला गेले, तर तो बहुधा खंडाआधी बांधाची डागडुजीच मागेल, भात पुन्हा लावता यावे म्हणून. आणि मग तेथल्या निवट्यांचे काय करायचे, याचे उत्तर त्याने द्यावे असे म्हणण्याचा अधिकार मुंबईकराला कोणत्या शास्त्राने दिला, ते मला ठाऊक नाही.